भिंतीवरचा सिंह

तीर्थस्वरूप दादा,

सविनय, परंतु तीव्र निषेध. तुमच्या भोजनदालनात कुलचिन्हाच्या ढालीवर नव्याने रंगवलेला सोनेरी सिंह मी जेवत असताना थेट माझ्या ताटातल्या हरणाच्या मांसाकडे बघतो. शिवाय तो वनराज कमी आणि भिजलेलं मांजर जास्त दिसतो.

परवा हे बोललो, तर मार्जरी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पुरे तुमचं पुस्तकी शहाणपण! सासूबाईंची आजी राजकन्या होती. तिचा सिंह आम्ही नाही लावायचा, तर कोणी?”

“राजाने,” मी म्हणालो.

सगळे हसले, तुम्ही सर्वांत मोठ्याने. फक्त दरबारातून आलेले ते पाहुणे हसले नाहीत. ते उठून सिंह जवळून पाहून आले.

दादा, राजाचा सिंह आपल्या ढालीवर घेणं म्हणजे त्याच्या गादीवर हक्क सांगणं, असं दरबार मानतो. थॉर्नबीच्या मामांचं डोकं याहून लहान सिंहापायी गेलं.

हे पत्र वाटेत कोणी उघडलं, तर तोच पुरावा होईल. म्हणून ते शेकोटीत टाकतो आणि पहाटेच सिंहावर फासायला चुन्याची बादली घेऊन तुमच्याकडे निघतो. हसू नका. मला तुमच्या मानेची काळजी वाटते.

तुमचा धाकटा,
अँब्रोज