आबांनी सांगितलेला शेवट

ती. अक्कास, धायरीहून समाधानचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. माझा खोकलाही थांबलाय. आईचे गुडघे कसे आहेत?

परवा तुझ्या भाचीने, निकिताने, मोबाइलवर आपल्या लहानपणची ती विनोदी मालिका शोधून दिली. आठवतं, महिपतीकाकांच्या ओसरीवर बघताना, भाऊ बहिणीचा रेडिओ फोडतो त्या भागात वीज गेली होती? दुसऱ्या दिवशी आबांनी शेवट सांगितला, "भावाला घास गोड लागेना. त्याने बहिणीची माफी मागितली." ते ऐकून मी लपवलेली तुझी कंपासपेटी परत दिली होती.

अक्का, तसा शेवट नाहीच. सगळा आळ मांजरावर जातो आणि भाऊ गालात हसतो. मी दोनदा पाहिलं. निकिता म्हणाली, "बाबा, तिसऱ्यांदा बघून मांजर कबूल होणार आहे का?"

आबा तर आपल्याबरोबरच अंधारात घरी परतले होते. मग तो शेवट त्यांनी कुठून आणला? सकाळी पूजेला बसलो तरी हेच डोक्यात होतं. कंपासपेटी कुणी लपवली, हे त्यांना ठाऊक असणार.

भाऊबीजेला, आईला पुण्याला आणण्यावरून मी तुला नको ते बोललो आणि ओवाळण्याआधीच पाटावरून उठलो. चुकलं माझं. आईचं मन तुझ्याकडे रमतं, तर ती तिथेच राहू दे.

रविवारी येतो. पाट मांडून ठेव. या वेळी तू ओवाळल्याशिवाय उठणार नाही.

तुझा धाकटा,
समाधान