मागच्या दारचा काळा ओटा

ती. ताईच्या चरणी (एक चरण मुरगळल्याचं कळलं, म्हणून तूर्त दुसऱ्याच्या) नमस्कार.

पाय कसा आहे? शेकतेस ना? की नेहमीप्रमाणे साऱ्या जगाला शेकायला सांगून स्वतः लंगडत बाजारात जातेस? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी भावजय खुशाल आहे, आई खुशाल आहे, मी तर निवृत्त झाल्यापासून खुशालीशिवाय दुसरं काही करतच नाही. फोनवर तू विचारलंस, 'तुमच्याकडे सारखी ठोकाठोक कसली चाललीये?' तेव्हा मी 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून विषय बदलला. किरकोळ नव्हती, ताई. आपलं स्वयंपाकघर गेलं. त्याच्या जागी दुसरं आलं, आणि या कामात माझा चांगला कोपरापर्यंत हात आहे. (तुला जाणारं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पाकिटात जात नाही, हा घरचा नियम तुला ठाऊक आहेच. तेव्हा मधली काही पानं मी जपून उलटणार आहे.)

सुरुवात तुझ्या भावजयीने केली. ती फोनवर देखण्या स्वयंपाकघरांची चित्रं जमवायला लागली. सकाळी उठलं की चित्र, जेवताना चित्र, मी औषध मागितलं तर आधी चित्र आणि मग गोळी. चित्रं छानच होती, पण मला त्यांत एक गोष्ट खटकायची. एकाही स्वयंपाकघरात माणूस नव्हता. ओट्यावर एक वाडगं, वाडग्यात तीन लिंबं, बस्स. ओलं फडकं नाही, चहाने काळवंडलेलं गाळणं नाही, तुटक्या दांड्याचं पण टाकवत नाही असं एकही पातेलं नाही. मी तसं बोललो, तर ती म्हणाली, माणसं फोटो काढायला गेली असतील. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बिनतोड उत्तर कुठलं ते कळतं.

मग एक डिझायनर बाई आल्या. नाव चांगलंच होतं, पण दर दुसऱ्या वाक्याला त्या 'मोकळीक' म्हणायच्या, म्हणून घरात त्यांचं नाव मोकळीकबाई पडलं ते पडलंच. त्यांचं म्हणणं असं की स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांच्यातली भिंत हा सगळा घोटाळा आहे. ती पाडायची, मोठं काचेचं दार बसवायचं, म्हणजे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. (बाहेरचं आत यायला वेळ लागला नाही. पहिल्याच दिवशी शेजारचं मांजर आलं आणि लिंबांच्या वाडग्याशेजारी झोपलं. चित्रात शोभलं असतं.) अंगणात लाकडी पट्ट्यांचं एक छप्पर आलं, जे ऊनही अडवत नाही आणि पाऊसही अडवत नाही, पण त्याची सावली फार सुंदर पडते. त्याखाली एक लांब बाक आला आणि अंड्याच्या आकाराचा वेताचा झोपाळा आला, लाल गादीचा. त्या अंड्यात शिरणं सोपं आहे. बाहेर पडणं हा वेगळा विषय आहे आणि तो पुढे येईल.

आता मी यात कसा अडकलो ते ऐक. आयुष्यभर ऑफिसात बसून मी पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले. त्यामुळे घरात नकाशा म्हटला की मला कंठ फुटतो. मी टेप घेऊन बसलो. खिडकी मोजली, फ्रिज मोजला, सिलिंडर मोजला, मोकळीकबाईंनी नको म्हटलं तरी उतार मोजला. आणि रंग माझा, ताई. सगळं पांढरं. ओटा पांढरा, कपाटं पांढरी, फरशी पांढरी, भिंतीही पांढऱ्या. जागा दुप्पट दिसते, हे माझं वाक्य. मोकळीकबाई खूश झाल्या, तुझी भावजय खूश झाली, आणि मी दोन दिवस घरात कॉलर ताठ करून फिरलो.

त्या स्वयंपाकघराच्या तऱ्हा काय सांगाव्यात. कपाटांना मुठी नाहीत. दाबलं की उघडतात. त्यामुळे मी भाजी चिरायला उभा राहिलो की माझ्या पोटाच्या कृपेने खालचे सगळे खण एकदम बाहेर येतात आणि मी ओट्यापासून हातभर मागे ढकलला जातो. फ्रिज एका पांढऱ्या फळीमागे दडलाय, कचऱ्याचा डबा तशाच दुसऱ्या फळीमागे. गेल्या आठवड्यात मी लोणी काळजीपूर्वक कचऱ्यात ठेवलं आणि अंड्यांची टरफलं फ्रिजमध्ये. तुझी भावजय म्हणते, सवय होईल. होईलही. माणसाला कशाची होत नाही!

जुना ओटा मात्र सहजी गेला नाही. तो आपला काळा दगड, बाबांनी बसवलेला. गवंड्याने घण घातला तर घणाचा दांडा मोडला. शेवटी चार माणसांनी तो अखंड उचलून अंगणात नेला, मागच्या भिंतीशी विटांच्या दोन थप्प्यांवर ठेवला, आणि गवंडी म्हणाला, 'उद्या नेतो.' गवंड्याचा उद्या म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. ओटा अजून तिथेच आहे. त्याचा उजवा कोपरा आठवतोय ना? लहानपणी तू वरवंटा पाडलास आणि टवका उडाला, आणि नाव मात्र माझ्यावर आलं, तोच. टवका शाबूत आहे.

आता आईचं. काम चाललं होतं तोवर ती एक शब्द बोलली नाही. सगळं झाल्यावर आम्ही तिला हात धरून आत नेलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, म्हणाली, 'छान आहे. स्वच्छ आहे,' आणि मग विचारलं, 'नळ कुठेय?' आम्ही हसलो. आम्हाला वाटलं टोमणा आहे. आईचे टोमणे तुला माहीत आहेत, लागतात दुसऱ्या दिवशी. मग कप फुटायला लागले. ती कप ओट्यावर ठेवायची आणि तो कडेवर ठेवलेला असायचा. दूध उतू गेलं. मीठ साखरेच्या जागी गेलं, त्याचा चहा मी निमूट प्यायलो. आणि मग एके दिवशी 'आता तुमचं राज्य, तुम्हीच करा' म्हणून तिने स्वयंपाकघरात येणंच सोडलं.

घरात रीतसर चर्चा झाली. तुझी भावजय म्हणाली, त्यांना आधी विचारलं नाही म्हणून रुसल्यात. मी म्हटलं, रंग आवडला नाही. मग मी आईजवळ गेलो आणि मोठ्या मायेने म्हटलं, 'आई, खूप केलंस गं आयुष्यभर. आता तू नुसती बस.' तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन नव्या बाकावर बसली. रोज बसायला लागली. मी मोकळीकबाईंना फोन करून सांगितलं की अंगणाचा सगळ्यात जास्त उपयोग आमच्या आईला होतोय. बाई भारावून गेल्या. मीही.

आता तो अंड्याचा विषय. परवा दुपारी तुझी भावजय बाहेर गेली होती. मी झोपाळ्यात शिरलो, पाय वर घेतले आणि अडकलो. पुढे रेटावं तर अंडं फिरतं, मागे रेटावं तर डुलतं. हाक मारायची लाज वाटली म्हणून कुणी येईपर्यंत गुपचूप बसून राहिलो. तेवढ्यात आई बाहेर आली. घरात कुणी नाही अशीच तिची समजूत असावी. तिच्या हातात जुनी छोटी शेगडी होती, आम्ही अडगळीत टाकलेली. ती भिंतीशी गेली आणि तिने काळ्या ओट्यावर हात ठेवला. कडेवरून हात सरकवत सरकवत टवक्यापर्यंत नेला. टवक्यापासून एक वीत, तिथे काड्यापेटी. आणखी एक वीत, तिथे साखर. तिने सगळं तिथे आधीच मांडून ठेवलं होतं, ताई, आपल्या जुन्या स्वयंपाकघरात होतं तसं, तसूभरही इकडेतिकडे नाही. पांढरा कप काळ्या दगडावर ठेवला, तेव्हा मात्र हात चाचपडला नाही, सरळ कपाकडे गेला. चहा ओतताना बोटाचं टोक कपाच्या आत धरलं, आणि बोटाला चटका बसला तशी थांबली. मग तिथेच उभ्याउभ्या, ओट्याला टेकून, ती चहा प्यायली. मी तिच्या समोर चार हातांवर होतो, लाल गादीच्या अंड्यात, आणि ती माझ्याकडे तोंड करून चहा पीत होती, आणि मी तिथे आहे हे तिला कळलं नाही.

मी हललो नाही. हलता येत नव्हतं हे खरं, पण येत असतं तरी हललो नसतो. गेलं वर्षभर ती तुझी पत्रं मला वाचायला लावते, 'तुझ्या आवाजात बरं वाटतं' म्हणते, आणि मी फुशारून वाचतो. माझ्या आवाजात काय आहे बरं वाटण्यासारखं? किती दिवस ती आपलं घर हातांनी ओळखत होती कोण जाणे. तो टवका तिची खूण होती. काळ्यावर पांढरं तिला अजून दिसत होतं, आणि मी सगळं पांढऱ्यावर पांढरं करून ठेवलं. टेप घेऊन मी सगळ्या घराची मापं घेतली, आईचं माप घ्यायचं तेवढं राहिलं. फार वाईट वाटलं, ताई. हे तुला लिहितानाही वाटतंय.

तुझ्या भावजयीला सांगितलं. चित्रं जमवणं तिने बंद केलंय, आणि काल सगळ्या खणांना आतून लाल दोरीचे फास बांधून बाहेर लोंबत सोडलेत. मोकळीकबाईंनी पाहिलं तर मूर्च्छा येईल. आईला आम्ही काही कळू दिलेलं नाही. ती लपवतेय, तर तिचं काही कारण असेल.

बाकी सर्व क्षेम. तू पायाची काळजी घे आणि उगाच इकडे यायची दगदग करू नकोस. मोठ्यांना नमस्कार, लहान आता कुणी उरलेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं 'दगदग करू नकोस' आईसाठी आहे. तू ये. पाय बरा झाला की लगेच ये, आणि मी सांगतो तसं कर. आईला म्हण की तुलाच हल्ली नीट दिसत नाही, डॉक्टरकडे जायची भीती वाटते, ती सोबत असेल तरच जाईन. स्वतःसाठी ती दारापर्यंत जायची नाही, पण तुझ्यासाठी जाईल. तिथे गेल्यावर डॉक्टरांना म्हणता येईल की आलीच आहे तर हिचेही डोळे बघून टाका. मोतीबिंदू असेल तर किती सोपं आहे. नसेल तर निदान कळेल. हे माझ्याने होणार नाही, ती माझं थोडंच ऐकते! लहानपणी खोटं बोलून तू मला टवक्यापायी मार खायला लावलास, आता त्याच गुणाचा घराला उपयोग होऊ दे.

ता. क. दुसरा. आज गवंडी काळा ओटा न्यायला आला! इतक्या दिवसांनी त्याचा उद्या उजाडला. मी त्याला म्हटलं, उद्या ये.

ता. क. तिसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. काळ्या ओट्याची आणि अंड्याची पानं खोकल्याचं निमित्त करून उलटली, पहिला ता. क. गिळला. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'कागद उलटल्याचा आवाज आला, वाचल्याचा नाही आला. तेवढं वाच.' मग वाचलं. काय करणार! मी अंड्यात अडकलो होतो तिथे ती हसली, त्याच्या पुढे नाही हसली. मग म्हणाली, 'तुमच्या आजीला दिसेनासं झालं तेव्हा मीच म्हटलं होतं, बसा तुम्ही, मी करते. मायेनेच म्हटलं होतं. त्या बसल्या त्या मग उठल्याच नाहीत रे.'

तुला लिहायला सांगितलंय ते तिच्याच शब्दांत लिहितो. 'तिला म्हणावं नाटकं करू नकोस, पाय टेकवता येईल तेव्हा ये, डॉक्टरकडे मी येते. पण बरं होवो न होवो, परत आल्यावर मला कुणी बस म्हणायचं नाही.'

आणि आत्ता ती आत गेली आहे, पांढऱ्या स्वयंपाकघरात, चहा करायला. दोरी ओढून खण उघडल्याचा आवाज आला. मी दारात उभा आहे आणि दाराच्याच फळीवर कागद ठेवून हे लिहितोय. थोडं दूध सांडलंय. मी पुसलेलं नाही, तीच हाताने शोधून पुसतेय. माझ्या तोंडात तो एक शब्द सारखा येतोय आणि मी तो गिळतोय. हे काम मला एकट्याला झेपायचं नाही, ताई. लवकर ये.