आगीत जंतू जगत नाही

१२ ऑक्टोबर
आज दवाखान्यात शांतता राखली, तिचा खरा हिशेब: माझी एक दाढ, रखवालदार मियाओचं नाक, स्वागतकक्षातलं फिशटँक. मासे वाचले. लुआन सिस्टरने बेडपॅनमध्ये सोडले. बेडपॅन नवा होता म्हणते.

कारण तांग आजोबांची पाठ. कंबरदुखीवर आम्ही नेहमीसारखं सुईने टोचून वर काचेचे गरम पेले उपडे लावले, वाईट रक्त ओढलं. आता पाठीत पू, अंगात ताप. मुलगा यीब्याओ डुकराचं मटण विकतो. चार मेहुणे घेऊन आला. "शू साहेब, बाप चालत आला होता, तुम्ही त्याची चाळण केलीत!" मी टेबलाखालून परिस्थिती शांतपणे हाताळली.

पोती वाहत वर आलो, अकरा वर्षं उपसंचालक आहे. इथे कुणाला जंतू लागल्याची एक नोंद दाखवा!

१३ ऑक्टोबर
लुआन सिस्टर म्हणते, आजोबांना आजच मोठ्या हॉस्पिटलात पाठवा, पू चिरून काढला नाही तर जातील. पण त्यासाठी 'संसर्ग इथेच झाला' असं लिहून द्यावं लागतं. मुळीच नाही. म्हातारा बदकं पाळतो. जंतू बदकांचे.
"बदकं पाठीवर बसत नाहीत, साहेब. पेले जंतुनाशकात भिजवणं तुम्हीच बंद केलंत."
केलं! रांग फाटकाबाहेर जात होती. शिवाय दर वेळी पेल्यात जळता बोळा फिरवतात. आगीत जंतू जगतो?
संकल्प: रागावायचं नाही.
रात्री थर्मास भिंतीवर फेकला. भिंत उलट बोलत नाही.

१४ ऑक्टोबर
यीब्याओ सुरा घेऊन आला. सोबत मयताला वाहायचं कागदी फुलांचं चक्र, त्यावर माझं नाव. अक्षर सुरेख. सुरा फाटकात रुतवून ओरडला, "लिहून देता, की चक्र वापरायला काढू?"
इथे माझी अक्कल चालली. भर अंगणात शर्ट काढला. म्हटलं, वापरलेल्या ट्रेमधले पेले तूच निवड, माझ्या पाठीला लावा! लुआन सिस्टर नाही म्हणाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या वैद्यांनी टोचलं, पेले लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मग यीब्याओने मियाओला पुन्हा नाकावर हाणलं, बापाला खांद्यावर टाकलं आणि कागदाशिवायच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नेऊ दे. जिंकलो.

१६ ऑक्टोबर
पाठ खाजते. म्हणजे भरून येतेय.

१७ ऑक्टोबर
ताप. वाऱ्याचा. लुआन सिस्टर पाठ बघू म्हणाली. तिच्या हातातला थर्मामीटर उडवला. बायका फार काळजी करतात.

१८ ऑक्टोबर
उताणं झोपवत नाही. गादी वाईट. पुरवठादाराला फोनवर शिव्या दिल्या. मधेच रडू आलं, तापामुळे.

२१ ऑक्टोबर
मोठं हॉस्पिटल. पालथा पडून लिहितोय. यीब्याओच्या मटणाच्या तीनचाकीतून आलो, दुसरं कुणी न्यायला तयार नव्हतं. वाटेत उठून बसलो तर त्याने एक थोबाडीत दिली. "पडून राहा हो, मराल!" तीही चांगल्या मनाने.
पाठ तीन ठिकाणी चिरली. पलीकडच्या खाटेवर तांग आजोबा बसून शेवया ओरपतायत. मला म्हणाले, "काय साहेब, तुम्हीही बदकं पाळता?"
संध्याकाळी लुआन सिस्टर प्रयोगशाळेचा रिपोर्ट घेऊन आली. आजोबांच्या पुवात, माझ्या पुवात आणि आमच्या ट्रेमधल्या पेल्यांत एकच जंतू आहे.