तळ्याकाठची आयती जागा

११ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच. गोष्टी लिहून ठेवल्या की पुढे कुणी 'तू असं म्हणाला होतास' असं म्हणू शकत नाही. बायकोला, म्हणजे दिशाला, ती सवय आहे.

परिस्थिती अशी. दिवाळीपासून दिशा आणि जुईली चिंचवडला, दिशाच्या भावाकडे. मी इथे जांब्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. ऑफिस हिंजवडीत, म्हणजे नकाशावर हाकेच्या अंतरावर आणि सकाळी दीड तास. एप्रिलमध्ये दिशाची नागपूरला बदली आहे. जुईलीने कुणाबरोबर राहायचं ते जुईलीच ठरवणार आणि महिनाअखेरीस सांगणार, असं आम्ही दोघांनी समजूतदारपणे ठरवलं आहे. समजूतदारपणा बराचसा माझा.

मला काळजी नाही. मुलगी आठवीत आहे, पहिल्यापासून बाबाची लाडकी. नागपूरचा उन्हाळा तर जगजाहीर. तिला फक्त थोडी आठवण करून द्यायला हवी, की बाबा म्हणजे काय चीज आहे.

म्हणून प्लॅन : प्रजासत्ताक दिनाचा लाँग वीकेंड. मुळशीच्या वरच्या पठारावर गाडी घेऊन जायचं, तंबू ठोकायचा, दिवसभर भटकायचं. फक्त आम्ही दोघं. सोमवारी खाली उतरेपर्यंत निर्णय झालेला असेल.

दिशाला फोन केला. म्हणाली, ने, पण तिला थंडी सोसत नाही, आणि जरा तिचं ऐकत जा. मी म्हटलं, मी सगळ्यांचंच ऐकतो. पुढे ती काहीतरी बोलत होती, पण मला कॉल होता.

संकल्प : ट्रिपमध्ये आवाज चढवायचा नाही. फोन बघायचा नाही. दिशाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

१७ जानेवारी, शनिवार

तंबू आला. 'दोन मिनिटांत उभा करा' असं वर छापलंय. कुठल्या देशातली दोन मिनिटं ते छापलेलं नाही. पार्किंगमध्ये प्रॅक्टिस केली. उभा राहिला, पण दार आत गेलं.

घरमालक अण्णासाहेब खुर्ची टाकून बघत बसले होते. इथले जुने शेतकरी. आता शेतात बिल्डिंगच उगवली आहे, त्यामुळे दिवसभर मोकळे. कुठं निघालात विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "तितं वर काय हाय वो? गवात आन् वारं."

मग कळलं की त्यांची बहीण वर पठारावरच दिलेली आहे. म्हणजे आयता स्थानिक सोर्स. सांगितलं त्यांनी, गावाच्या अलीकडे तळं आहे, काठाला सपाट जागा, पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या, सावलीला मोठं झाड. "पण," म्हणाले. अण्णासाहेबांचं 'पण' सुरू झालं की त्यात भाऊबंदकी येते, कोर्ट येतं, आणि संध्याकाळ होते. मी थँक्यू म्हणून तंबू गोळा केला आणि लिफ्टमध्ये शिरलो.

लोकेशन फिक्स. लोक यासाठी महिना महिना रिसर्च करतात.

२४ जानेवारी, शनिवार. तळ्याकाठी, संध्याकाळ

पहाटे निघायचं होतं. दहाला निघालो. अख्खं पुणे मुळशीला निघालं होतं आणि सगळे माझ्या पुढे होते. पौडला थांबून जिलेबी घेतली, सोमवारी झेंडावंदनानंतर खायला. जुईली म्हणाली, बाबा, शिळी होईल. थंडीत काही होत नाही म्हटलं.

जागा मात्र! अण्णासाहेबांना मानलं पाहिजे. पायऱ्या, झाड, पाणी. एक मोठा सपाट दगड आहे, किचन ओट्यासारखा. त्याच्यावरच स्टोव्ह मांडला आणि मॅगी आणि ऑम्लेट केलं. बाजूला काळे पडलेले दगड आहेत, म्हणजे आमच्या आधीही जाणकार कॅम्पर येऊन गेलेले दिसतात. फक्त कचरा करून गेलेत. फुटकी मडकी, सुकलेला झेंडू, पांढऱ्या कापडाच्या चिंध्या. लोकांना निसर्गात कसं वागावं कळत नाही. जुईलीला यावर थोडं सांगितलं.

ती म्हणाली, बाबा, इथे केस पडलेत. पुंजकेच्या पुंजके. मी म्हटलं, बकऱ्यांचे असतील, इथे बकऱ्या कातरत असतील. ती म्हणाली, आपण दुसरीकडे लावू या ना तंबू. मी तिला सांगितलं की घाबरायचं नाही, बाबा आहे.

कावळे फार. आणि माणसाची भीती अजिबात नाही, एक तर स्टोव्हच्या शेजारी येऊन बसला. पक्षिनिरीक्षण हा कार्यक्रमात नव्हता, तोही झाला. जुईलीने त्यांना ब्रेड घातला. पहिल्यांदा हसली. मी अख्खा पुडा दिला तिच्या हातात.

२५ जानेवारी, रविवार

गादीची हवा गेली. थंडी अशी की दात वाजत होते. जुईली कुडकुडायला लागली तेव्हा तिला गाडीत झोपवलं आणि मीही पुढच्या सीटवर गेलो. हीटर लावला, लाईट लावला, तिला बरं वाटावं म्हणून गाणी लावली. हे सगळं इंजिन बंद ठेवून, पेट्रोल वाचावं म्हणून.

सकाळी गाडी सुरू होईना. जुईलीला सांगितलेलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

दिवसाचा हाईक : कड्यापर्यंत. तिथून कोकण दिसतं. मळलेली वाट उजवीकडून जात होती. मी म्हटलं, वाटेवरून कुणीही जाईल, आपण कारवीच्या झुडपांतून शॉर्टकट मारू. जुईली म्हणाली, बाबा, लोक त्या वाटेने जातायत. मी म्हटलं, लोकच ते. पाण्याची मोठी बाटली गाडीत ठेवली होती, ओझं नको म्हणून. कारवी डोक्याच्या वर जाते आणि आत शिरल्यावर सगळं सारखंच दिसतं हे मला माहीत होतं, फक्त आठवलं नाही. दुपारी बाहेर पडलो तो जिथून शिरलो होतो तिथेच. तिचे हात ओरबाडलेले. मग वाटेने कड्यावर गेलो. कोकण धुक्यात होतं.

परत येताना ती सारखी पाणी पाणी करत होती. मी आवाज चढवला नाही. फक्त मोठ्याने सांगितलं, की पाणी गाडीत आहे आणि गाडी तिथे आहे आणि आपण इथे आहोत. संकल्प अबाधित.

संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो होतो. ती अचानक म्हणाली, आई नागपूरला एकटी कशी राहील? विषय मी काढलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मी म्हटलं, आई खंबीर आहे. एकटं राहायचं म्हणजे काय ते मला विचार. ती माझ्याकडे बघत होती. खरं तर तेव्हा आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिला मृग नक्षत्र दाखवलं.

उरलेला ब्रेड कावळ्यांना घातला. आता ते गाडीच्या टपावरच बसून असतात. हक्काने.

२६ जानेवारी, सोमवार. जांबे, घरी

सविस्तर लिहायला हवं, नाहीतर उद्या वेगळंच सांगितलं जाईल.

कागदी झेंडा तंबूच्या काठीला लावून ठेवला होता. जुईलीला उठवलं. इतक्यात गावाकडून माणसं येताना दिसली. पांढरे कपडे, डोक्यावर टोप्या, मागे बायका. मला भरून आलं. म्हटलं, रस्ता धड नाही, रेंज नाही, पण देशप्रेम बघा. मी पुढे झालो, सगळ्यात पुढे होता त्याचा हात हातात घेतला, प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा दिल्या आणि जिलेबीचा बॉक्स उघडून समोर धरला.

तो जिलेबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, आमच्या बापाचा दहावा हाय."

जुईली माझ्या मागे उभी होती. तिने खाली बघितलं, त्या केसांकडे, आणि एकदम दोन पावलं मागे सरली.

गावातल्या प्रत्येकाचा दहावा याच जागी होतो. मुंडण त्या झाडाखाली, पिंड त्या सपाट दगडावर. ऑम्लेटचं मी कुणाला बोललो नाही. दगड धुऊन दिला.

ज्याचा हात धरला तो वाल्मीक, हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो. गेलेले ते त्याचे वडील, भिवाजी. आई चंद्राबाई. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. तंबू काढा म्हणाले. मी काढायला घेतला, तो निघेना. शेवटी तसाच ओढत नेला, झेंड्यासकट. झेंडा जुईलीने सोडवून घेतला. गाडी बाजूला घ्या म्हणाले. तेव्हा सांगावं लागलं की बॅटरी उतरली आहे. जुईलीला ते तिथे, सगळ्यांच्या देखत कळलं. कालपासून माहीत होतं का तुला, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, साधारण.

पिंड ठेवला. सगळे मागे सरले. एकही कावळा फिरकेना. कारण सगळे माझ्या गाडीवर होते. जिलेबीचा बॉक्स घाईत बॉनेटवर उघडा राहिला होता, आणि दोन दिवसांची सवय. तिकडे कोरडा भात, इकडे पौडची जिलेबी. कावळ्यांचं काय चुकलं?

वाल्मीक हात जोडून उभा राहिला. डोकं नुकतंच भादरलेलं. म्हणाला, आबा, गौतमीचं लगीन मी थाटात करीन. गौतमी म्हणजे त्याची बहीण, ती तोंडाला पदर लावून बसली होती. कावळा नाही. मग म्हणाला, तळ्यावरचं वावर इकणार न्हाई. नाही. चुलत्याशी भांडण मिटवतो. नाही. ऊन चढायला लागलं. चंद्राबाई हुंदके देत पिंडाला सांगत होत्या, असं अडून बसू नगा, काय ऱ्हायलं ते सांगा.

मला राहवेना. काही झालं तरी प्रश्न माझ्यामुळे निर्माण झाला होता आणि प्रॉब्लेम सॉल्व्हिंग हे माझं कामच आहे. मी जिलेबीचे तुकडे केले आणि कावळ्यांना रस्ता कळावा म्हणून एकेक तुकडा पिंडाच्या दिशेने टाकायला लागलो. शेवटचा पिंडावरच पडला.

चंद्राबाई तेवढ्या म्हणाल्या, "बाबा, तुमी गप बसा जरा." रागाने नाही. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुजींनी तुकडा उचलून लांब टाकला. जुईलीने माझ्या हातातला बॉक्स काढून घेतला, गाडीत ठेवला, दार लावलं आणि जाऊन बायकांच्या घोळक्यात बसली. चंद्राबाईंच्या शेजारी. त्यांनी तिच्या ओरबाडलेल्या हातावर हात ठेवला.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. खरा कावळा आलाच नाही की दर्भाच्या कावळ्याने शिवून घेतात. चंद्राबाई मानेनेच नको नको म्हणत होत्या. तेव्हा वाल्मीक दगडाजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात, घरात बोलतात तसं, म्हणाला, "आबा, आईला हितं एकटी न्हाई ठेवणार. जितं मी, तितं ती."

एक कावळा टपावरून उठला, खाली उतरला आणि भात उचलून गेला.

बायका मोठ्याने रडायला लागल्या. वाल्मीकने कपाळ जमिनीला टेकवलं. जुईली पण रडली, ओळख ना पाळख, आपलं कुणी गेल्यासारखी. माझं स्पष्ट मत आहे की जिलेबी बंद झाल्यामुळे कावळा आला. मी तिला गाडीत ते समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, नको ना बाबा.

गाडीला धक्का त्यांनीच दिला. ताजं मुंडण केलेली माणसं माझी गाडी ढकलत होती आणि मी आत बसून हात जोडत होतो. जुईली येताना मागच्या सीटवर बसली. चिंचवडला उतरताना थँक्यू बाबा म्हणाली.

म्हणजे एकंदरीत ट्रिप लागू पडली. एरवी ती थँक्यू म्हणत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

जुईली सांगायला येणार म्हणून सकाळी उठून पोहे केले. तिला आवडतात तसे, वर खोबरं, लिंबाची फोड. दिशा खाली गाडीतच थांबली.

जुईली खुर्चीच्या कडेवर बसली. मी तिला बोलूच दिलं नाही, म्हटलं आधी बाबाची बाजू ऐक. सांगितलं, बेडरूम तुझी, मी हॉलमध्ये झोपेन. तिने पोह्यांकडे बघितलं. म्हटलं, कुत्रा आणू, अण्णासाहेबांना पटवतो. काही नाही. घरी आल्यावर फोन बंद, अगदी शपथ. चित्रकलेचा क्लास परत लावू. रविवारी स्वयंपाक मी. ओरडणार नाही. ऐकेन. आता खरंच ऐकेन. एकेक सांगत गेलो आणि दर वेळी तिच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवरच होते.

मग ती म्हणाली, "बाबा, मी आईबरोबर जाते. तिला तिकडे एकटीला नाही ठेवणार."

मी म्हटलं, पण.

ती थांबली. मी पुढे काय म्हणतो ते ऐकायला खरंच थांबली होती. मी पोह्यांची डिश तिच्याकडे आणखी सरकवली.

जाताना दारात तिने मिठी मारली, घट्ट. सुट्टीत येईन म्हणाली. लिफ्टचं दार लागलं. गॅलरीतून बघितलं, ती पुढच्या सीटवर बसली.

फार वाईट वाटलं. इथे दुसरं काही लिहिण्यात अर्थ नाही.

पोहे तसेच होते. लिंबाची फोडही तशीच. दुपारी मीच खाल्ले. मीठ जरा जास्त झालं होतं.