सोमरस, कंबर आणि कोजागिरी

७ सप्टेंबर, रविवार

मंडळाची मीटिंग. इथे जपानात, सेंदाईत मराठी घरं मोजून डझनभर, पण मतं प्रत्येकाची दोन-दोन. विषय कोजागिरी. दूध मीच आटवणार, यावर चर्चा होण्यासारखं काही नव्हतं. दरवर्षी नदीकाठी चुलीवर मोठं पातेलं, हातात माझा डाव. माझ्या दुधाला जो एक खरपूस, किंचित धुरकट स्वाद येतो तो इथे दुसऱ्या कुणालाही साधलेला नाही. शिवाय अंदाज इतका पक्का की दूध कधी कमी पडत नाही. उलट भरलेला डबा घरी येतो. लोक संकोचाने अर्धाच पेला घेतात.

पण मग मंडळाच्या अध्यक्ष वृंदाताईंनी जाहीर केलं की यंदा दुधासोबत सत्यजितचं भाषण. विषय, सोमरस.

सत्यजित म्हणजे एप्रिलमध्ये आलेला वनस्पतिशास्त्राचा पोस्टडॉक. उंच. अजून सगळे केस आहेत. मला 'नंदूदादा' म्हणतो. मी सांगितलं नव्हतं.

म्हणाला की वेदकाळी यज्ञात एक वनस्पती दगडांनी कुटून, रस लोकरीतून गाळून, दुधात मिसळून देवांना देत. ती वनस्पती कोणती हे आज कुणालाच खात्रीने माहीत नाही. म्हणजे जे माहीत नाही त्यावर हा वीस मिनिटं बोलणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोने, जयमालाने जरा जास्तच.

कोजागिरी सोमवारी आहे, पण त्याने सुचवलं की रविवारीच करू, सोमवारी ऑफिसं असतात. मी म्हटलं तिथी म्हणजे तिथी. मतदान झालं. माझ्या बाजूने मी.

वृंदाताई असंही म्हणाल्या की सत्यजित दुधाला मदत करेल. मी म्हटलं गरज नाही. त्या म्हणाल्या, बघा बुवा.

१० सप्टेंबर

मला त्याचा हेवा वाटतो असं जयमालाचं म्हणणं. हसू आलं. मी धातूंच्या थकव्यावर संशोधन करणारा माणूस. कुठला तुकडा किती ताणावर तुटेल हे सांगतो. हेवा कशाला वाटेल?

आमची लेक पूर्वी त्याच्याकडून बायॉलॉजी शिकून आली. त्याच्याशी मराठीत बोलते म्हणे. मी मराठीत विचारलं, जेवलीस का, तर जपानीत म्हणाली, 'उन, ताबेता.' म्हणजे हो, जेवले. तेरा वर्षं मराठी शिकवली मी, आणि ती ऐकायला मिळते त्याला.

वाटतो. थोडा वाटतो.

१४ सप्टेंबर, रविवार

कल्पना सुचली. दात घासताना सुचली, म्हणजे अस्सल आहे.

तो सोमरसावर बोलणार. मी सोमरस करणार. थेट वेदकालीन पद्धतीने. दगड, लोकर, दूध. त्याचं भाषण संपायच्या आत मी रस पातेल्यात ओततो. मग लोक कुणाकडे बघतील?

प्रश्न फक्त वनस्पतीचा. पण मूळ वनस्पती कुणालाच माहीत नाही, म्हणजे मी म्हणेन ती. दांडे हवेत, रस हवा, रंग हिरवा. सुपरमार्केटमध्ये उभा राहून शांतपणे विचार केला. सेलरी.

गुप्तता पाळायची. घरात कुणाला सांगायचं नाही.

१५ सप्टेंबर

जयमालाने विचारलं, फ्रीजमध्ये एवढी सेलरी कशाला? सांगितलं, बीपीसाठी. बीपी नाही तुला, म्हणाली. म्हटलं, सेलरीमुळेच नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

सायकलने हिरोसे नदीवर. दगड निवडले. खालचा सपाट, परातीएवढा. वरचा मुठीत मावेल असा. नदीकाठी एक आजोबा कुत्रा फिरवत होते. त्यांनी विचारलं, जड नाही का? म्हटलं, दाइजोबु, म्हणजे काही हरकत नाही, माझा विषयच भार हा आहे.

भार पेलताना गुडघे वाकवावेत, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगतो. विद्यार्थी बघत नव्हते, म्हणून वाकवले नाहीत.

कंबरेत कट् असा आवाज आला. आवाज दगडाचा असावा.

२१ सप्टेंबर

आवाज दगडाचा नव्हता.

मोजे मला जयमालाने घातले. ती म्हणाली, काय उचललंस? म्हटलं, पुस्तक. कुठलं? म्हटलं, जाड.

२३ सप्टेंबर, सुट्टी

लंगडत प्रयोग. बाल्कनीत पाट घेऊन सेलरी कुटली. गाळायला लोकर हवी. घरात शुद्ध लोकरीची एकच वस्तू, जयमालाची पांढरी शाल. सासूबाईंनी दिलेली. वेदांपुढे इलाज नाही.

रस छान निघाला. शाल आता पांढरी नाही.

कपभर दुधात मिसळून पूर्वीला चाखायला दिला. एकच शब्द बोलली, 'मुरी.' म्हणजे अशक्य. मुलांच्या जिभेला परंपरा कळायला वेळ लागतो.

शाल कपाटात मागे, उशांच्या खाली ठेवली आहे.

२६ सप्टेंबर

हाडांच्या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर म्हणाले, कंबरेचे स्नायू आवळून बसलेत. पाठीला चिकटवायच्या थंडगार पट्ट्या दिल्या, त्यांना इथे शिप्पु म्हणतात, आणि मसल रिलॅक्संटच्या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक. फार्मसीतली बाई वाकून वाकून सांगत होती की झोप येईल, सायकल चालवू नका, जास्त घेऊ नका. एवढं वाकूनही तिची कंबर ठणठणीत. तिचाही हेवा वाटला.

झोप येण्याचा प्रश्न नाही. माझ्या इच्छाशक्तीपुढे गोळी काय करणार?

२९ सप्टेंबर

दुपारी लॅबच्या मीटिंगमध्ये डोळे मिटून विचार केला. सहकारी सुझुकी-सान म्हणाले की विचाराचा आवाज येत होता.

३० सप्टेंबर

शाल सापडली. आज विषय नाही.

१ ऑक्टोबर

सत्यजित घरी आला. मला कंबरदुखी आहे असं जयमालाने त्याला सांगितलं. कारण काय? तर म्हणे काळजी वाटली. त्याने फुंकर घालावी तसं सांगितलं, नंदूदादा, तुम्ही दूध ढवळू नका, मी ढवळतो, तुम्ही खुर्चीत बसून फक्त सांगा.

खुर्चीत! मी!

आता कळलं. भाषण हा बहाणा. त्याचा डोळा माझ्या डावावर आहे. जाताना त्याने शालीवरचा डाग कसला ते जयमालाला सांगितलं. वास घेऊन. वर म्हणाला, व्हिनेगर लावून बघा. डाग गेला. जयमाला दिवसभर सत्यजित हुशार, सत्यजित हुशार.

ती डाग काढायला माझ्याकडे कधीच आली नाही. डाग पाडणारा मी, हे मान्य, पण तरी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अंतिम योजना. एक, डाव सोडायचा नाही. दोन, सोमरस बाटलीत भरून बॅगेत. तीन, त्याने 'वेदकाळी' म्हटलं की ओतायचा. चार, टाळ्या झाल्या की नम्रपणे मान हलवायची. आरशासमोर सराव केला. मान हलते. कंबर हलत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी

आभाळ स्वच्छ. आज कळेल सगळ्यांना.

तीच तारीख, दुपारी साडेचारला

सकाळची गोळी घेतली आहे. पण तासभर उभं राहून ढवळायचं, म्हणून खबरदारी म्हणून आणखी एक. आणि पट्ट्या तीन. स्नायू सैल, मन घट्ट. जायफळ घेतलं का? घेतलं. निघतो.

६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी

आज सुट्टी टाकली. पुढचं बरंचसं जयमालाकडून ऐकून लिहितो आहे. ती सांगताना दोनदा हसली, त्यामुळे तपशील तपासून घ्यावे लागतील.

मला आठवतं ते असं. नदीकाठी आजूबाजूला जपानी मंडळी अरवीचा रस्सा शिजवत होती. चूल पेटली. डाव माझ्या हातात होता. सत्यजित बाजूला उभा, मी त्याला धुरात उभं केलं होतं. चंद्र वर आला. वृंदाताई मुलांना सांगत होत्या की आज लक्ष्मी आकाशातून विचारत फिरते, कोण जागं आहे? जो जागा असेल त्याला ती प्रसन्न होते. मला वाटलं, मी आहे. कंबर कशी लोण्यासारखी झाली होती. मग चंद्र दोन झाले.

जयमाला म्हणते, मी डाव हातात धरून उभ्या-उभ्याच घोरू लागलो. सत्यजितने एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हाताने डाव. मला खुर्चीत बसवलं. खुर्ची त्याने आधीच आणून ठेवली होती. मुलांनी येऊन माझ्या कानात विचारलं, कोण जागं आहे? मी उत्तर दिलं नाही म्हणे.

मग तो एकटाच शेवटपर्यंत ढवळत बसला. भाषण झालंच नाही, त्याला फुरसत कुठली. म्हणजे सोमरसावरचं भाषण व्हायला नको ही माझी इच्छा तडीस गेली. योजनेचा हा भाग यशस्वी धरायला हरकत नाही.

बाटली बॅगेतून बाहेर पडली. वृंदाताईंना वाटलं हिरवी चटणी जरा पातळ झालीय. कुणीतरी मीठ घातलं. भज्यांबरोबर संपली. सत्यजितने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना सांगितलं की चटणी नंदूदादांची. एवढंच. समजूनही बोलला नाही. हे मला सर्वांत जास्त लागलं.

झोपेचं कारण जायफळ. नुसता वास घेतला तरी गुंगी येते. शिवाय खरी कोजागिरी आज आहे. तिथीप्रमाणे कालची झोप धरता येणार नाही. मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

तीच तारीख, संध्याकाळी

आज गोळी घेतली नाही. जागा आहे. कंबर दुखते आहे, त्यामुळे जागं राहणं सोपं जातंय.

मघाशी डबा शोधला. दरवर्षी उरलेलं दूध घरी दोन दिवस पुरतं. डबा ओट्यावर होता. घासून, पुसून, रिकामा. जयमाला म्हणाली की पातेलं मुलांनी बोटांनी पुसून खाल्लं, वृंदाताईंनी तीनदा घेतलं, शेजारच्या जपानी आजोबांनीही मागून घेतलं.

म्हटलं, का बरं, यंदा एवढं काय झालं? जयमाला भांडी लावत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला एवढा वेळ भांडी लावताना पाहिलेलं नाही.

उत्तर पूर्वीने दिलं. मोबाइलवरून मान वर न करता, आणि मराठीत. स्पष्ट, शुद्ध मराठीत. म्हणाली, बाबा, यंदा दूध करपलं नव्हतं.

मी म्हटलं, तो स्वाद होता. ती म्हणाली, हो बाबा. मग जयमालाने फ्रीज उघडून एक पेला माझ्या हातात दिला. म्हणाली, सत्यजितने काल सगळ्यांत आधी हा बाजूला काढला, दादा उठले की द्या म्हणाला.

बाल्कनीत जाऊन उभ्यानेच प्यायलो. पाटाशेजारी तो दगड अजून तसाच पडला आहे. वर चंद्र, आज एकच. जागा कोण आहे ते कुणी विचारलं नाही.

दूध चांगलं होतं. फार चांगलं होतं, लेकाचं.