काट्यावरच्या अर्धवट नोंदी

सर, गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. तुम्ही अर्धांगाने म्हापशाच्या हॉस्पिटलात होता, वाचा गेलेली. मी मुरगावला खनिज कंपनीच्या कचेरीत नुकती लागले होते. डिचोलीच्या वजनकाट्यावरून ट्रकांच्या नोंदी टेलिफोनच्या तारेने आमच्या संगणकाकडे येत. त्या वाचून फाईल करणारा, तुम्ही शिकवलेल्या सी भाषेतला प्रोग्रॅम माझा होता. रोज काही ट्रक त्यातून गायब व्हायचे, आणि चोरीचा आळ आला काट्यावरच्या कारकुनावर. तो आमच्या कोरगावचा. "मियां सगळां धाडलंय गो बाय," तो फोनवर रडत सांगतोय आणि मी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासतेय.

शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत तुमच्याकडे आले. काकी तुम्हाला चहात बुडवून पाव भरवत होत्या. "कळतां त्यांका सगळां, बोलूक तेवढां जमणा नाय." मी तुमच्या वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. तुम्ही ओठ जुळवत म्हणालात, "कि... किती..." मी म्हटलं, "रोज पाच-सात ट्रक, सर." तुम्ही मान हलवलीत. "किती... आ..." पुढे शब्द येईना. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. काकी म्हणाल्या, "पुरे गो आता, दमले ते." मी उठले.

बस मुरगावला पोचेपर्यंत तेच घोळत होतं. मग कळलं, तुम्ही विचारत होता, किती आलं? मी प्रत्येक वेळी पूर्ण नोंद मागत होते. आलं किती, ते बघतच नव्हते. तार कधी अर्धीच नोंद द्यायची, ती मी पूर्ण धरायचे. शिवाय पडद्यावर घड्याळ चालवायला प्रोग्रॅममध्ये मीच लावलेला दर सेकंदाचा गजर मध्येच वाचन तोडायचा. प्रोग्रॅमला वाटायचं तारच तुटली, तो फाईल बंद करायचा. प्रोग्रॅम बदलला. आता आलेलं जपून ठेवते, उरलेलं परत मागते. मध्येच तुटलं तर पुन्हा वाचते, आणि शून्य अक्षरं आली तरच संपलं म्हणते. ट्रक जुळले.

पण कारकुनाला तोवर काढून टाकलं होतं. साहेबांना प्रोग्रॅम दाखवला, हात जोडले. "बघूया," एवढंच म्हणाले. तो पुन्हा कामावर आला नाही. तुम्हाला सांगायला धावत आले, तर खाटेवर दुसराच कुणी होता. नर्स म्हणाली, "त्यांना काल सकाळीच घरी नेलं." कसं नेलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, ठाऊक आहे मला. एकच सांगते. मी आता प्रोग्रॅमिंग शिकवते, आणि तारेवरून नोंदी वाचण्याचा धडा आला की "किती आलं ते आधी बघा, सर सांगतात" असंच म्हणते. "सांगायचे" म्हणायला अजून जमत नाही.