शांत खोलीतले तापट अणू

सोमवार, ५ जून. सकाळी.
काय झालं, तेवढंच:
१. अणूंचा ढग पुन्हा तापला. रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून लेसरच्या जाळीत ठेवायचे असतात. जाळीत गेले की तापतात.
२. कारण मी शोधलं. लेसर वळवणारे आरसे थरथरतात, म्हणून जाळी हलते.
३. थरथरण्याचं कारणही शोधलं. माझा लॅबमधला जोडीदार काम करताना गुणगुणतो. मनात मी त्याला गुणगुण्या म्हणते.
४. सरांना लेखी कळवलं. त्यांनी त्याला वरच्या मजल्यावरच्या ग्रुपमध्ये बसवलं.
यात वैयक्तिक काही नाही.

मंगळवार, ६.
पूर्ण शांतता. आदर्श परिस्थिती. ढग तापला. शांतता रुळायला वेळ लागत असावा.
जाताना तो एवढंच म्हणाला, "मॅडम, अणूंना सांगा, मी गेलो." मी हसले नाही. लेसर लॉक करत होते, म्हणजे एका वारंवारतेवर स्थिर.

गुरुवार, ८.
आईचा फोन. जेवलीस का, कुणाबरोबर जेवलीस. म्हटलं, एकटी जेवले की वेळ वाचतो. वाचलेल्या वेळेचं काय करतेस, असं तिने विचारलं. आईचे प्रश्न मुद्द्याला सोडून असतात.
अणू पुरेसे थंड झाले की त्यांना वेगळी ओळख उरत नाही, सगळे मिळून एकच वस्तू होतात. तेच बघायला मी या लॅबमध्ये आले. माणसांच्या बाबतीत मला त्याची गरज वाटत नाही.
निश्चय: उद्यापासून चहा चारचौघांत प्यायचा.

शुक्रवार, ९.
चहाला गेले. चारचौघं वरच्या ग्रुपची निघाली, आणि हसत होती. लॅबमध्ये चहा नेत नाहीत, म्हणून जिन्यात प्यायले. जिन्यात उजेड चांगला येतो.
ढग तापला.

सोमवार, १२.
गुणगुणण्याचा परिणाम मोजायचा तर कुणीतरी गुणगुणायला हवं. मीच गुणगुणले. चालही त्याचीच घेतली, बाकी काही बदलू नये म्हणून. सर दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. चालू दे म्हणाले आणि दार हळूच ओढून घेतलं.
आरशांवर परिणाम शून्य. माझा आवाज कमी पडला असणार.

मंगळवार, १३.
मोठ्याने गुणगुणले. शून्य.
आणखी दोनदा केलं. मोजायला नव्हे, खात्रीसाठी.

बुधवार, १४. दुपारी.
सापडलं. थंड पाण्याच्या पंपाची नळी आरशांच्या टेबलाला टेकली होती. नळी मीच बसवली होती. टापटीप दिसावी म्हणून टेबलाला बांधलीही होती. सोडली. ढग थंड राहिला. स्क्रीनवर टोकदार शिखरं आली, अणू एक झाल्याची खूण, पुस्तकात असतात तशी. मी वळून "बघ" म्हणाले. मागे खुर्ची होती.
सरांना सांगितलं. त्या जागेवर सोमवारी नवी मुलगी येणार आहे म्हणाले. त्याला परत आणायचं तर त्याआधी ठरवावं लागेल. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. ते म्हणाले, "घालवायला तू लिहिलंस, बोलवायलाही तूच लिही."

गुरुवार, १५.
पाचवा मसुदा. हाच पाठवते आहे.
"दोष तुझ्या गुणगुणण्यात नव्हता, मी बांधलेल्या नळीत होता. सरांना तसं लेखी दिलं आहे. ढग आता थंड राहतो. काम एकटीने होण्यासारखं आहे. तरी तू परत यावंस असं मला वाटतं. येणार की नाही, ते उद्या, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव."